तिकडची मम्मी

"मम्मी, तिकडच्या मम्मीनं पप्पाले येतो म्हणायले लावलं होतं. तू काहून नाई लावलं?"

ईश्वरीनं हे विचारलं तेव्हा ती वरणात पोळी कुस्करत होती, आणि वर्षाली तव्यावरची पोळी उलटत होती. गृहपाठातली एखादी शंका विचारावी तसा पोरीचा आवाज. उलथणं हवेतच राहिलं आणि पोळी एका बाजूनं करपायला लागली.

"कोणती तिकडची मम्मी?"

"तिकडच्या विश्वातली." सात वर्षांच्या पोरीनं हात हवेत कुठंतरी लांब फिरवला. "ती चांगली हाये. पप्पा जातो म्हणे तं तिनं म्हतलं, जातो नाई, येतो म्हणा. मंग पप्पा मागं फिरला, येतो म्हणे, आन तेवढ्यात तो डंपर निंगून गेला. म्हणून तिकडं पप्पा हाये."

"कोणी सांगतलं हे तुले?"

"आजीनं. आन सरनं. आन पप्पानंबी."

वर्षालीनं गॅस बंद केला. तव्यावरची करपलेली पोळी चिमट्यानं उचलून तिनं सिंकमध्ये फेकली. खरं तर फेकायचं होतं दुसरंच काहीतरी, पण सापडली पोळी.

गजेंद्रला जाऊन दोन वर्षं झाली होती. पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, नोकरी मूर्तिजापूरला, बिऱ्हाड अमरावतीत साईनगरला, आणि रोजचं जाणं-येणं मोटरसायकलनं. एका सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे मुरूम भरलेला डंपर चुकीच्या बाजूनं समोर आला. रस्त्याच्या मधला दुभाजक तिथं कोणीतरी आपल्या सोयीसाठी फोडून वाट केली होती, डंपर त्या वाटेनं अलीकडे घुसला होता. पुढचा फाटा गाठायला पाच मिनिटं जास्त लागतात म्हणून. बस्, एवढंच. माणूस गेला.

पण तेरवीच्या दिवशी अकोल्याला, नातेवाईक बायकांनी भरलेल्या खोलीत सासूनं जे सांगितलं त्यात डंपर नव्हता, दुभाजक नव्हता. कौशल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "जातो म्हणून घरातून निंगाला माहा पोरगा. हिनं टोकलं नाई." बायका वर्षालीकडे बघायच्या आणि चटकन मान फिरवायच्या. बोललं कोणी नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं.

आणि उत्तर तरी काय होतं तिच्याकडे? ती सकाळ तिला आठवत होती ती अशी: आपण स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी चालू, दारातून गजेंद्रनं काहीतरी ओरडून सांगितलं आणि आपण आतूनच "हो" म्हणालो. तो काय म्हणाला ते शिट्टीत ऐकूच आलं नाही. सासू तेव्हा त्यांच्याकडेच राहायला आलेली होती, समोरच्या खोलीत तिची सकाळची पोथी चालू होती. तर मग तो "जातो" म्हणालाही असेल. नाही कसं म्हणणार? वर्षाली अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होती. कोणी निघताना "जातो" म्हणालं म्हणून ट्रक त्याच्या अंगावर येत नाही, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तरी तो एक शब्द दोन वर्षं तिच्या आत रुतून बसला होता. भाजी चिरताना टोचायचा, फळ्यावर आकृती काढताना टोचायचा. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसले असते तर तिनं कोणाचं तरी डोकं फोडलं असतं.

आता तोच शब्द तिच्या पोरीच्या तोंडून आला होता.

तिनं सासूला फोन लावला.

"आई, पोरीले कुठी घेऊन जाऊन राहिल्या तुमी?"

"केंद्रात." कौशल्याबाईंचा आवाज शांत होता, आणि तो शांतपणाच वर्षालीला जास्त झोंबला. "दिवाळीच्या सुटीत रोज नेलं तिले. पुण्याचे सर येतात. गजू तिकडं हाये वर्षाली. धडधाकट हाये. मी बोलतो त्याच्यासंग."

"मेलेला माणूस बोलत नाई, आई."

"इकडचा मेला. तिकडचा नाई. तूच तं सांगतलं होतं त्या पोट्ट्याईले का दुसरे विश्व असू शकतात. माह्यासमोर सांगतलं. आता काहून भडकून राहिली?"

हे मात्र खरं होतं. घरी शिकवणीला येणारी बारावीची पोरं दर वर्षी हा प्रश्न विचारतच. सिनेमे बघून येतात आणि विचारतात, मॅडम, समांतर विश्वं खरंच असतात का? वर्षालीचं उत्तर ठरलेलं असे. असू शकतात. गणित कुठंच नाही म्हणत नाही, आणि त्या गणिताचा एक अर्थ असा लावता येतो की जे जे घडू शकतं ते ते कुठल्या ना कुठल्या फांदीवर घडतं. पण पुरावा नाही. आणि फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की या फांदीवरून त्या फांदीवर साधी हाकही पोचत नाही. परीक्षेत येणार नाही, पुढचं पान उघडा. सासूनं त्यातलं पहिलं वाक्य घेतलं होतं आणि शेवटचं सोडून दिलं होतं.

"रविवारी ये," कौशल्याबाई म्हणाल्या. "तूच ऐक त्याचा आवाज. मंग बोल." आणि फोन ठेवला.

रविवारी निघताना वर्षालीनं ईश्वरीला शेजारच्या बेबीताईंकडे ठेवायचं ठरवलं होतं. पोरीनं दारातच बसकण मारली. "मले पप्पासंग बोलायचं हाये," म्हणून असा काही गळा काढला की बेबीताईही डोळ्यांना पदर लावून उभ्या. वर्षालीनं विचार केला, बरंच झालं. ढोंग उघडं पाडायचंच आहे तर पोरीच्या डोळ्यांदेखत पाडू.

बडनेरा मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती जागा आली. वर्षालीनं गाडीचा वेग कमी केला. दुभाजकातली वाट तशीच होती. उलट आता ती चांगली रुंद झाली होती, मुरूम टाकून सपाट केली होती, आणि एक ट्रॅक्टरवाला निवांत त्यातून चुकीच्या बाजूला घुसत होता, कानाला मोबाइल लावून. दोन वर्षांत तिनं चार अर्ज दिले होते. प्रत्येक साहेबानं दुसऱ्या साहेबाचं नाव सांगितलं होतं. डंपरवाल्याची केस तारखांवर तारखा खात होती, आणि तो स्वतः दुसरा डंपर चालवत होता. या रस्त्याचं मात्र कोणी केंद्र काढलं नव्हतं.

तिनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की बाईचं डोकं फिरलं असावं.

अकोल्याला जठारपेठेत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते केंद्र भरत होतं. खुर्च्यांवर पंचवीस-तीस माणसं. म्हातारे आई-बाप, एक तरुण जोडपं, मांडीवर बाळाचा फ्रेम केलेला फोटो घेतलेलं. पुढं मोठा पडदा, त्यावर निळ्या लाटा हलत होत्या. एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला तीन पायांच्या स्टँडवर मोबाइल, त्याचा डोळा थेट पहिल्या रांगेकडे. कौशल्याबाई पहिल्या रांगेतच होत्या, नवीन लुगडं नेसून. मुलाला भेटायला जाताना नेसावं तसं.

पुण्याचे ते अथर्व सर पस्तिशीचे, तांबूस दाढी, पांढरा सुती सदरा. ते कोणाकडून एक पैसा घेत नाहीत, हे कौशल्याबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. घेतच नव्हते. त्यांना फक्त रडणारे चेहरे लागत, ते मोबाइलमध्ये भरून जगाला दाखवायला. त्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघत होते. आणि त्यांना राग कधी येत नसे. ज्यांना कधीच राग येत नाही अशी माणसं वर्षालीला मुळातच आवडत नसत.

"या ताई," सर म्हणाले. "कौशल्याताईंनी सांगितलंय तुमच्याबद्दल. तुम्ही तर आमच्याच क्षेत्रातल्या."

"नाही," वर्षाली म्हणाली. "मी शिकवते. एक विचारू?"

"विचारा ना. प्रश्न विचारणं हीच तर विज्ञानाची सुरुवात."

"प्रत्येक निर्णयाला विश्वाच्या फांद्या फुटतात असं तुम्ही सांगता. म्हणजे सगळ्या शक्यता कुठंतरी खऱ्या. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग असंही एक विश्व असणार जिथं मी त्यांना येतो म्हणायला लावलं, त्यात दोन क्षण गेले, आणि त्या दोन क्षणांमुळेच ते बरोबर डंपरखाली आले." सरांचं हसू होतं तिथंच थांबलं. "आणि असंही, जिथं मी काही बोलले नाही आणि ते सुखरूप पोचले. एक असं, जिथं डंपर आपल्या बाजूनं गेला. एक असं, जिथं दुभाजक कोणी फोडलाच नाही. एवढ्या सगळ्यांतून माझ्या लेकीला दाखवायला तुम्हाला हेच बरं सापडलं, ज्यात तिच्या आईची चूक आहे?"

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कौशल्याबाईंनी मागं वळून न बघता "बस आता," म्हटलं.

"ताई, आपण थोडं भावनेच्या पातळीवर येऊ या," सर म्हणाले.

"मी फिजिक्सच्या पातळीवर विचारून राहिली. त्या विश्वातून या विश्वात निरोप येतो तो कशातून?"

"ऊर्जेतून."

"कोणत्या?"

"प्रेमाच्या."

"कशात मोजता? किलोवॅटमध्ये का लिटरमध्ये?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि लगेच कोणीतरी त्याला गप्प केलं. बाळाचा फोटो घेऊन बसलेल्या मुलीनं वर्षालीकडे असं पाहिलं की तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. पण राग लाजेपेक्षा मोठा होता. सरांनी मात्र मान तिरकी करून, दुःखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "गजेंद्र, तुम्ही आहात का?"

निळ्या लाटा हलल्या. पडद्यामागं कोणीतरी खुर्ची सरकवली.

"हो. मी आहे. आई, नमस्कार. ईश्वरी बाळा, कशी आहेस?"

तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. आवाज त्याचाच होता. तोच किंचित नाकातला, सदा सर्दी झाल्यासारखा. शब्द संपवताना खाली उतरणारा. दोन वर्षांत तिनं तो स्वप्नातही इतका स्वच्छ ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि त्या डोळ्यांचाच तिला भयंकर संताप आला.

मग तिच्या लक्षात आलं. गजेंद्रचा जुना फोन. आठवण म्हणून तिनं तो सासूला दिला होता. रोज संध्याकाळी आईला तो बोलून निरोप पाठवायचा, माय जेवली का, माय गोळी घेतली का. वर्ष-दीड वर्षाचे निरोप. एवढ्या आवाजावर आजकाल कॉम्प्युटर माणसाकडून काहीही बोलवून घेतो. पेपरात येतं ते, शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

"आई, यांचा फोन या सरले दिला होता तुमी?"

"फोटो पाहाले मांगतला होता सरनं," कौशल्याबाई म्हणाल्या. "चूप बस, तो बोलून राहिला."

"बाळा, मी इथे खूप आनंदात आहे," आवाज म्हणत होता. "तुझी खूप आठवण येते. तू छान अभ्यास कर हं."

"आई," वर्षाली दात आवळून म्हणाली, "गजेंद्र कधी असा बोलला का? 'छान अभ्यास कर हं'? का व पोट्टे, म्हणाचा तो. इथे-तिथे म्हणाचा का तो?"

"तिकडं त्याची बदली पुण्याले झाली हाये."

वर्षालीला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. सरांनी म्हातारीला हेही सांगून ठेवलं होतं. समांतर विश्व कसंही असो, त्यात वऱ्हाडी माणसाची बदली होऊन त्याची भाषा सुधारते, एवढी सोय मात्र झालेली होती.

ती पुढं गेली आणि माइक हातात घेतला.

"तुमी मले घरात काय म्हणायचे? काय म्हणून हाक मारायचे?"

लाटा हलत राहिल्या. पडद्यामागून कीबोर्डची टकटक आली, स्पष्ट, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"राणी," आवाज म्हणाला.

कोणीतरी हुंदका दिला. आणि ईश्वरी खुर्चीवरून उठून जोरात ओरडली, "नाई! मास्तरीणबाई म्हणे पप्पा! मास्तरीणबाई!"

पुन्हा टकटक, या वेळी घाईची. सर लगबगीनं म्हणाले, "आज लहरी अस्थिर आहेत," आणि त्याच वेळी आवाज म्हणाला, "संपर्क तुटतोय. मी जातो आता."

"येतो म्हण, बाप्पा! येतो म्हण!"

कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावरून खाली गेलेला, दोन्ही हात स्पीकरकडे पसरलेले. स्पीकर गप्प झाला होता. त्या त्याच्याशीच बोलत राहिल्या.

"तिकडंबी जातोच म्हणून राहिला का रे तू? तवाबी हेच केलं तुनं. पायावर डोकं ठेवलं आन म्हतलं, माय, जातो. माही पोथी चालू होती रे गजू. अध्याय अर्धा टाकून बोलता येत नाई. माह्या ओठावर आलतं. म्हतलं वर्षाली टोकन त्याले दारातून. ती आत होती, कुकर शिट्ट्या मारून राहिला होता. तिले कुठी ऐकू जाते? मी ऐकलं. मीच ऐकलं. पण पोथी..."

मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. हात हळूहळू खाली आले.

वर्षालीनं हातातला माइक खाली ठेवला. दोन वर्षं. एवढी शिकलेली बाई, रोज पोरांना सांगणारी की मोजमाप करणारा कोण ते आधी विचारा, आणि हा साधा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. तो शब्द ऐकला कोणी? ज्यानं ऐकला त्यालाच तो माहीत असणार. तेरवीच्या त्या खोलीत, बायकांनी माना फिरवल्या तेव्हा, भिंतीला टेकलेली ही म्हातारी सगळं जाणून होती. आणि तो शब्द तिनं सुनेच्या पदरात टाकला, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून नातीच्या तोंडात घातला.

तिच्या जिभेवर वाक्यं तयार होती. एकेक असं की म्हातारी पुन्हा उठून उभी राहिली नसती. इथं, या सगळ्यांसमोर बोलायचा तिला पुरा हक्क होता.

तेवढ्यात ईश्वरीनं विचारलं, "आजी, मंग तू काहून नाई लावलं?"

तोच प्रश्न. त्याच गृहपाठाच्या आवाजात. कौशल्याबाईंनी नातीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचा आकारच बदलला, दात काढल्यावर गाल आत जातात तसा. आणि अथर्व सरांनी काय करावं? ते अलगद पुढं झाले, स्टँड उचललं, आणि मोबाइलचा डोळा त्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आणून ठेवला.

वर्षालीनं स्टँडला लाथ मारली. मोबाइल उडून फरशीवर पडला. तो उचलून तिनं सरांच्या छातीवर आपटला.

"पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

"ताई, हा फार पवित्र क्षण..."

"पवित्र गेलं चुलीत! माह्या पोरीचा एक फोटो, माह्या नवऱ्याचा एक शब्द तुह्या त्या डबड्यात राहिला ना, तं या विश्वात तुले लपाले जागा ठेवणार नाई मी. दुसऱ्या विश्वाचं तू पाहून घे."

सरांना पहिल्यांदाच राग आला, आणि मग भीतीही वाटली, कारण मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठून पुढं आली होती. बाळाच्या फोटोवाल्या जोडप्यातला तरुण पडद्यामागं गेला आणि त्यानं तिथला लॅपटॉप हॉलकडे फिरवला. लॅपटॉपवर "मी जातो आता" ही अक्षरं तशीच टाइप केलेली होती. त्याची बायको मात्र खुर्चीवरून उठली नाही, तिनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. सरांनी व्हिडिओ पुसले, आवाजाची फाइल पुसली. गजेंद्रचा जुना फोन वर्षालीनं मागून घेतला.

मग ती ईश्वरीसमोर खाली बसली.

"इकडं पाह्य. तुहा पप्पा कोणाच्या शब्दानं गेला नाई. आजीच्या नाई, माह्या नाई, त्याच्या स्वतःच्याबी नाई. डंपर चुकीच्या बाजूनं आला, कारण लोकाईनं दुभाजक फोडला होता, आन तो अजूनबी फुटलेलाच हाये. तेवढंच. प्रश्न इचारायचा तं त्याईले इचार. आजीले नाई. समजलं?"

ईश्वरीनं मान हलवली. वर्षालीला वाटलं, ही वाक्यं आपण पोरीला सांगतोय खरी, पण आपल्यालाही ती आज पहिल्यांदाच ऐकू येत आहेत.

वर्षालीनं दोघींना गाडीत बसवलं. डाबकी रोडवरच्या सासूच्या घरी पोचल्यावर कौशल्याबाईंनी सवयीनं चहा टाकला, आणि तो ओट्यावर तसाच राहिला. ईश्वरी अंगणात मांजरीच्या मागं गेली.

"दोन वर्षं, आई," वर्षाली म्हणाली. "दोन वर्षं तुमी ते माह्यावर ढकललं."

कौशल्याबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. "तुह्यावर नसतं ढकललं तं मी मेली असती."

"आन मी? मी मेली असती तं चाललं असतं?"

"तू जवान होती. म्हतलं, तुले पेलन."

वर्षालीला भांडी आपटायची होती, ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी त्या वाकलेल्या पाठीकडे बघवत नव्हतं. तो शब्द म्हातारीनंही दोन वर्षं वाहिला होता, तिच्यापेक्षा जड, कारण तिनं तो खरोखर ऐकला होता. पण म्हणून माफ करायचं? एवढ्या लवकर?

"मी तुमाले माफ नाई करणार," ती म्हणाली. "आज तं नाईच. पोरीले पुन्हा असं काही सांगतलं, तं कधीच नाई."

"नको करू," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी कुठी माफी मांगतली?"

ऊन उतरायला लागलं होतं. निघायला हवं होतं. वर्षालीनं गाडीची चावी घेतली, ईश्वरीला हाक मारली. कौशल्याबाई फाटकापर्यंत आल्या. ईश्वरी वाकून आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, आमी जा..."

आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

तिचे डोळे मोठे झाले होते. ती आधी आजीकडे, मग आईकडे, मग रस्त्याकडे बघत होती, जणू आत्ता कुठूनतरी डंपर येणार होता. एक सात वर्षांची पोरगी, साध्या बोलीतल्या एका शब्दाला घाबरलेली. दिवसभरात वर्षालीला बराच राग येऊन गेला होता. पण आता जो आला तो वेगळाच होता. तो अगदी थंड होता.

"हात काढ तोंडावरचा," ती म्हणाली. "म्हण. जातो म्हण."

"वर्षाली, नको वो," कौशल्याबाईंनी फाटकाची कडी घट्ट धरली. "त्याच रस्त्यानं जायाचं हाये तुमाले. लेकरू हाये संग."

"त्याच रस्त्यानं जायाचं हाये, म्हणूनच. जातो म्हणून जाऊ आमी. आन पुढच्या रविवारी येऊन दाखवू. नाईतं ही पोट्टी जन्मभर दारात उभी राहून शब्द मोजत बसन, तुमच्यासारखी. माह्यासारखी."

ईश्वरीनं हात खाली केले. तिनं आजीकडे पाहिलं.

"आजी, जातो आमी."

कौशल्याबाईंचे ओठ हलले. तो जुना शब्द, 'येतो म्हण', तिथंच होता, त्या सकाळी होता तसाच, अगदी ओठावर. पोथी नव्हती, अध्याय नव्हता, त्यांना अडवणारं काहीच नव्हतं. फाटकाची कडी त्यांच्या मुठीत खुळखुळली.

"जा," त्या म्हणाल्या.

त्या घरातून बाहेर पडणाऱ्या कोणालाही तो शब्द आजवर कोणी म्हटलेला नव्हता. तो उच्चारून त्या जराशा डळमळल्या, आणि फाटकाला धरून सावरल्या. वर्षालीनं गाडी सुरू केली तेव्हा त्या दोन पावलं रस्त्यात आल्या आणि काचेवर बोटं वाजवली.

"पोचल्या का फोन करजा," त्या म्हणाल्या. "मी बसून राहतो फोनजवळ."